पप्पांचा हालेलूया

परीक्षेचे दिवस आले की आमच्या इमारतीत सगळे हळू आवाजात बोलायला लागतात, आणि मला नेमकं तेव्हाच मोठ्यानं ओरडावंसं वाटतं. दहावीची मुलं दारं लावून बसलेली असतात, त्यांच्या आया जिन्यात कुजबुजतात, वॉचमनसुद्धा शिट्टी जपून वाजवतो. मोशीतल्या ह्या चौथ्या मजल्यावरून समोर नव्या इमारतीचं काम दिसतं. उंच क्रेन सळयांची मोळी उचलते, खालचा माणूस कानाशी वॉकीटॉकी धरून काहीतरी पुटपुटतो आणि मोळी हवेत तरंगायला लागते. मी कठड्याला टेकून ते बघत राहते, आणि एक शब्द घशापासून निघून ओठांपर्यंत येतो. मागून सून म्हणते, "आई, शेजारच्या चिनूचा उद्या पेपर आहे." मी तोंड मिटते. पण तो शब्द आत उड्या मारतच राहतो.

हालेलूया!

हा आमच्या घराचा शब्द. चर्चचा तर होताच, पण आधी घराचा. एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे आम्ही पिंपरीत एका पत्र्याच्या चाळीत राहायचो. मागं रेल्वेचे रूळ, पुढं कारखान्याची लांबलचक भिंत, दहा खोल्यांत मिळून एक नळ. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. पप्पांना कंपनीत काम मिळालं तसं बिऱ्हाड इकडं आलं, आणि बिऱ्हाडाबरोबर आमची बोलायची रीतही आली. पप्पांना हालेलूया कशालाही चालायचा. नळाला पाणी आलं, हालेलूया. सायकलची उतरलेली चेन बसली, हालेलूया. भाकरी टम्म फुगली, हालेलूया. एकदा उन्हाळ्यात त्यांनी आणलेलं कलिंगड आतून लालभडक निघालं, तेव्हा तर तीनदा. आवाजही असा की रुळापलीकडच्या म्हशी मान वळवायच्या.

आईचं वेगळं. तिचा रॉकेलचा स्टोव्ह कधीच पहिल्या काडीला पेटला नाही. "सैताना, पेट की आता!" ती त्याला पिन मारत म्हणायची, आणि निळी ज्योत धरली की त्याच श्वासात, "प्रभू, तुझे उपकार!" पप्पा पाळीला निघाले की डबा हातात देताना, पाठमोरीच, "प्रभू सांभाळो." तिच्या ध्यानीमनीही नसायचं की आपण काही बोललो. पलीकडच्या खोलीतली सुवार्तामावशी आमेनशिवाय वाक्य संपवत नसे. "तिची सासू म्हणे परत गावाला गेली रुसून, आमेन." आम्हा पोरांच्या गोट्यांच्या खेळात येशूशपथ आणि बायबलशपथ ह्यांचा नुसता पाऊस. आणि वाटीभर साखर मागायला आलेलं कुणीही देवाच्या नावानंच मागायचं. साखर नाही म्हणायची आईची काय टाप!

मी आता ह्या वयात विचार करते तेव्हा वाटतं, आम्हाला देवाची भीड नव्हती असं नाही. तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलेला होता, एवढंच. घरातल्या माणसाला कुणी अहोजाहो करत नाही. पण हे मला आज सुचतं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, अकरावी मॅट्रिकला होते, आणि सोळाव्या वर्षी माणसाला आपल्या घरच्यांची सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीला नवे पाळकसाहेब आले. अगदी तरुण, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. आमचं चर्च म्हणजे एका शाळेचा हॉल, फळ्यावर शनिवारची गणितं तशीच असायची. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी त्यांनी देवाचं नाव उगाच घेऊ नये ह्या आज्ञेवर उपदेश केला. म्हणाले, "चटणी लावावी तसे तुम्ही पवित्र शब्द प्रत्येक घासाला लावता. ईस्टरपर्यंत हे शब्द जपून ठेवा. प्रार्थनेत म्हणा, गाण्यात म्हणा, येता-जाता नको. आणि हालेलूया तर गाण्यातही नको. तो ईस्टरच्या पहाटेच म्हणू. मग बघा कसा लागतो." ज्यांना पटेल त्यांनी पुढं यावं, असंही म्हणाले. बाकावरून सगळ्यात आधी उठले ते पप्पा.

मला केवढा आनंद झाला! हीच तर माझी दुखरी जागा होती. वर्गातल्या मुली माझ्या वडिलांची नक्कल करायच्या. घरी आल्याबरोबर मी दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घासूनपुसून काढला, रुळावरून ओंजळभर खडे आणले आणि कायदा जाहीर केला. जो चुकेल त्याच्या नावानं एक खडा डब्यात. न्यायाधीश मीच. पप्पा हसत होते. मी बोट नाचवून म्हटलं, "आणि कंपनीत पण नाही हं पप्पा! तिथं चुकलात तर घरी येऊन खरं सांगायचं."

पप्पांचं हसू जरा थांबलं. त्यांनी आईकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं, मग माझ्याकडं.

"कंपनीत पण?"

"वचन म्हणजे वचन ना?"

"व्हय," ते म्हणाले. "कंपनीत पण न्हाई."

ते थांबणं मी तेव्हा ऐकलंच नाही. मला डबा कधी वाजतो ह्याची घाई.

आणि काय वाजला डबा! पहिल्याच संध्याकाळी नळ आला आणि पप्पांनी "हाले..." एवढ्यावर जीभ दाताखाली धरली. अर्धा खडा कसा टाकायचा ह्यावर चाळभर चर्चा. दुसऱ्या दिवशी आईचा स्टोव्ह, खडा. तिसऱ्या दिवशी परत स्टोव्ह, परत खडा. मग आईनं युक्ती काढली, ती सैतानापाशीच थांबायला लागली. "सैतानाला बंदी नाही ना?" तिनं मला विचारलं. बिचारा स्टोव्ह चाळीस दिवस नुसत्या शिव्या खाऊन पेटला. सुवार्तामावशीची वाक्यं तर शेवटच सापडेना म्हणून लांबतच जायची. बोलत राहायची, बोलत राहायची, आणि शेवटी दमून "जाते बाई" म्हणून उठायची.

पण कळस केला सुमनकाकूंनी. त्या आमच्या डावीकडच्या खोलीत राहायच्या, मराठवाड्याकडचं बौद्ध कुटुंब. दारात आल्या की त्यांचा जय भीम आणि आईचा ख्रिस्ती रीतीचा सलाम एकाच वेळी व्हायचा. एका दुपारी त्या तांदूळ निवडत बोलत होत्या, "पोराला त्या ट्रेनिंगमध्ये घेतलं एकदाचं. लागला मार्गाला, आमेन." सगळ्या थांबल्या. सुमनकाकूंनी तोंडावर हात मारला. "अगं बया, मी कुठनं म्हणाले हे! तुमच्या शेजारानं लागलं ना मला!" मग स्वतःच उठून, पदर खोचून, डब्यात खडा टाकला आणि असं हसल्या की तांदळाचं सूप उलटलं. तांदूळ परत भरताना आम्ही सगळ्याजणी जमिनीवर रांगत होतो.

माझाही एक खडा आहे त्यात. मॅट्रिकचा पहिला पेपर, चिंचवडच्या केंद्रावर. बीजगणित. प्रश्नपत्रिका उलटली आणि आदल्या संध्याकाळी सोडवलेलं उदाहरण अक्षरशः जसंच्या तसं समोर! "हालेलूया!" त्या शांत वर्गात माझा आवाज पप्पांचाच निघाला. बाई धावत आल्या. "काय झालं? काय बोललीस? कुणाला खूण केलीस?" मी उभी, कान लाल. देवाची स्तुती केली, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्या कंपासपेटीचं झाकणसुद्धा उघडून बघितलं. घरी येऊन मी न्यायाधीश असूनही प्रामाणिकपणे खडा टाकला. पप्पा पोट धरून हसले, पण हसून झाल्यावर तोंडाशी आलेलं त्यांना बोलता येईना, म्हणून नुसते "बरं झालं, बरं झालं" करत राहिले. ते बरं झालं फारच मिळमिळीत लागायचं. खरं सांगू, घर जरा अळणी झालं होतं. सकाळी आई डबा द्यायची आणि ओठ दाबून नुसतं "या" म्हणायची.

असे तीनेक आठवडे गेले असतील. शनिवार होता, सोमवारी माझा भूमितीचा पेपर. चार वाजता पप्पा पाळीवरून आले, मुकाट्यानं हातपाय धुवायला गेले. आणि त्यांच्या मागोमाग दारात दुसरी सायकल थांबली. बबनकाका.

बबनकाका मोशीचे. म्हणजे आज मी जिथं राहते तिथलेच, पण तेव्हा इथं इंद्रायणीकाठी कांदा आणि गहू होता. शेत सांभाळून ते कंपनीत क्रेन चालवायचे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि समोर कुणीही असो, साहेब असो की चहावाला, त्याला माउली म्हणायचे. पप्पांचे जोडीदार. एरवी आले की पिशवीत काकड्या असायच्या. त्या दिवशी त्यांच्या हातात एक चामड्याचा हातमोजा होता. त्यांनी तो आमच्या खाटेवर टाकला.

"पोरी, तूच का गं ती डबावाली?"

मी मान हलवली.

"मग बघ. ह्यो तुज्या बापाचा हात. वर छतापातूर गेला हुता आज."

मोजा रिकामा होता, पण बोटं फुगलेलीच होती, आत हात असल्यासारखी. आई भिंतीला टेकली. पप्पा दारातून म्हणाले, "बबनराव, पोरीचा पेपर हाय, कशाला..." तेव्हा दिसलं, त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची साल सोलवटली होती.

मग बबनकाकांनी सांगितलं, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझे वडील कंपनीत नक्की काय करतात. प्रेसचे लोखंडी साचे, एकेक पाच-सहा बैलगाड्यांच्या वजनाचा. पप्पा खाली उभे राहून त्याला साखळ्या अडकवायचे. बबनकाका वर, छताजवळच्या क्रेनच्या केबिनमध्ये. साचा मध्ये आला की वरून पप्पांचे हात दिसायचे नाहीत. शिट्टी होती, पण शिट्ट्या सगळ्याच गाळ्यांत वाजायच्या. "उचल" म्हणून ओरडावं तर शेजारच्या गाळ्यातही सगळे "उचल"च ओरडायचे. म्हणून कैक वर्षांपासून दोघांची एकच खूण होती. साखळी बसली, हात बाहेर निघाले, की पप्पा खालून ओरडायचे, "हालेलूयाऽऽ!" अख्ख्या कारखान्यात तो शब्द दुसरं कुणी ओरडत नसे. तो कानावर पडला की बबनकाका डोळे झाकून दांडा ओढायचे.

उपवासकाळ लागल्यावर पप्पांनी त्यांना सांगितलं होतं, ईस्टरपर्यंत मी "उचल" म्हणेन. आणि आज "उचल" आला तो शेजारच्या गाळ्यातून. बबनकाकांनी दांडा ओढला. साखळी ताठ झाली तेव्हा पप्पांची बोटं साखळीखाली होती. हात निघाला, मोजा नाही निघाला. तो साच्याबरोबर वर गेला.

"वर आला आन् माज्या काचंम्होरं लोंबकळाय लागला, राव," बबनकाका म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. "मला वाटलं आत हात हाय. मी खाली बघंना. माज्यानं बघवंना."

फळीवर माझा डबा होता. त्यावर मी कागद चिकटवून लाल शाईनं नावं लिहिली होती, पप्पांच्या नावापुढं काड्या. मला तो उचलून रुळावर फेकून द्यावासा वाटला. कंपनीत पण नाही हं, पप्पा! मीच म्हणाले होते. बोट नाचवून म्हणाले होते.

"पप्पा, तुम्ही म्हणा," मी म्हटलं. "कंपनीतलं मी मागं घेते. म्हणा तुम्ही."

पप्पांनी मान हलवली. नाही. "वचन तू घ्यायला लावलं आसंल, पण दिलंय मी."

रविवारी उपासना झाल्याबरोबर मी पाळकसाहेबांना गाठलं. मोजा बरोबरच नेला होता, वहीच्या पिशवीत. त्यांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चष्मा घसरला तो त्यांनी वरही केला नाही. तसेच आमच्या घरी आले. "शांतवनराव," ते पप्पांना म्हणाले, "मी शब्द जपा म्हणालो होतो. हात घालवा म्हणालो नव्हतो. मी तुम्हाला वचनातून मोकळं करतो."

"साहेब," पप्पा हात जोडून म्हणाले, "तुमचा मान हाय. पण वचन तुमच्यापाशी न्हाई दिलं. ज्याला दिलं त्यो काय मोकळं कर म्हणला न्हाई."

आई रडायला लागली. मला राग आला, इतका की अजून आठवला की कानशिलं तापतात. माझ्या बापाचा हट्ट! देवाला काय करायचाय तुमचा हात? उद्या सोमवार, उद्या परत पाळी, परत साखळी, आणि अजून ईस्टरला तीन आठवडे. मी मनातल्या मनात तीन आठवड्यांच्या पाळ्या मोजत होते.

तेवढ्यात बबनकाका आले. रविवारची सुट्टी, मोशीहून खास आलेले, पिशवीत काकड्या. पाळकसाहेबांना "रामराम माउली" म्हणून खाली बसले. आईनं चहा दिला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, बशीतला चहा भुरकून संपवला, बशी उपडी ठेवली.

"त्यानं वचन दिलंय ना? मग त्यानं पाळावं. मी कुटं दिलंय?"

त्यांनी बोट छताकडं केलं.

"शब्द मी म्हणतो की! वरनं म्या इचारायचं, हालेलूया? ह्यानं साखळी सोडून चार पावलं मागं सरायचं, पिवळ्या रेघंवर उभं ऱ्हायाचं, आन् दोन्ही हात वर करायचे. दोन्ही! मला काचंतनं धा बोटं दिसली तर उचलीन. नव दिसली तर न्हाई उचलणार, मंग सायब येऊंदे न्हाईतर सायबाचा बाप."

"अहो, पण भाऊजी," आई डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही माळकरी माणूस. तुमच्या तोंडी आमचा..."

"वहिनी, दिवसातनं शंबर येळा हरी म्हणतो मी. गाय दूध देईना तरी हरी, ठेच लागली तरी हरी. त्यात आजून एक. त्यो काय रागावतोय?" मग पाळकसाहेबांकडं वळून, जरा हळू, "का वो माउली? रागावंल?"

पाळकसाहेबांनी आता कुठं चष्मा वर केला. "नाही," ते म्हणाले. "मला नाही वाटत रागावेल."

लगेच तालीम! बबनकाका ओट्यावर जाऊन उभे राहिले, छाती भरून घेतली आणि ओरडले, "हाल्लेलूयाऽऽ!" दहाही खोल्यांतून माणसं बाहेर आली. सुवार्तामावशी पिठाच्या हातांनी धावली. "पहिल्या अक्षरावर एवढा जोर नका देऊ, भाऊ!" तिनं शिकवायला सुरुवात केली. सुमनकाकूंनी डबा आणला आणि विचारलं, "ह्यांचा खडा टाकायचा का?" अंगणात पप्पा पायानं रेघ ओढून तिच्यावर उभे होते, दोन्ही हात वर, सोललेली बोटं आभाळाकडं. काका म्हणाले, "लक्षात ठिव, राव. तुजा शब्द माज्यापाशी संबाळायला हाय. सणाच्या दिशी येऊन परत देतो."

सोमवारी मी भूमितीला बसले. चिंचवडच्या त्या वर्गातून कंपन्यांची धुराडी दिसायची. प्रमेय लिहिता लिहिता मी थांबायची. आता काका ओरडले असतील. आता पप्पा मागं सरले असतील. सरले असतील ना? त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना मी कसली नावं दिली देवच जाणे. पेपर देऊन सुटले ती तडक कंपनीच्या गेटकडं, चपलेचा अंगठा तुटला तर चप्पल हातात घेऊन. ऊन डांबरावर उकळत होतं. भोंगा झाला. गेटातून सायकलींचा लोंढा निघाला, शेकडो खाकी कपडे, आणि मी प्रत्येकाचे हात बघतेय.

मग दिसले! पंचेचाळिशीचा माझा बाप, चर्चच्या पंचकमिटीचा माणूस, दोन्ही हात सोडून सायकल चालवत येत होता. हात वर, बोटं पसरलेली, आणि मागून बबनकाका पाय मारत ओरडतायत, "आरं पडशील, येड्या! सायकलीवरनं पडून हात मोडायचाय का?" मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडले आणि हसले. पप्पांनी मला पुढं दांड्यावर बसवलं. मॅट्रिकच्या मुलीनं दांड्यावर बसायचं म्हणजे काय! मी बसले.

ही खूण मग गाळ्यात सगळ्यांनीच उचलली. पिवळी रेघ, चार पावलं, दोन्ही हात वर. उरलेले तीन आठवडे त्या कारखान्यात एक तुळशीची माळ घातलेला माणूस छताजवळून दिवसभर हालेलूया ओरडत होता आणि ज्याचा तो शब्द, तो खाली गप्प उभा होता. रोज संध्याकाळी पप्पा सांगायचे, आज किती वेळा झाला. त्यांच्या डोळ्यांत पोरकट आनंद असायचा. आई सकाळी अजूनही नुसतं "या" म्हणायची, पण आता डबा देताना त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायची.

हे सगळं आज कुणाला सांगावं? माझी नात लिफ्टमध्ये, पिझ्झा आल्यावर, गाडी चुकल्यावर, कशालाही ओ माय गॉड म्हणते. इमारतीतली सगळीच पोरं म्हणतात, कुठल्याही घरातली असोत. सून तिला दटावते. मी दटावत नाही. मी फक्त कान देऊन ऐकते, की त्या गॉडमध्ये कुठं कुणी आहे का. कधीकधी, चिठ्ठ्या टाकून तिची नाटकात निवड झाली तेव्हासारखं, असतं. खरंच असतं. तेव्हा मला तिला उचलून घ्यावंसं वाटतं, पण ती आता माझ्यापेक्षा उंच झालीय. आणि पाळकसाहेबांचंही सगळंच चुकलं नव्हतं. त्या चाळीस दिवसांआधी हालेलूया माझ्या कानांवर नुसता आदळायचा, मी तो ऐकला नव्हता.

ईस्टरची पहाट. शाळेमागच्या माळावर आम्ही सगळे जमलो होतो. पांढऱ्या साड्या, केसांत मोगरा, हातात मेणबत्त्या, वाऱ्यानं त्या विझायच्या आणि शेजारचा परत लावून द्यायचा. ढोलकी आली होती, पेटी आली होती. पोरांनी घरोघरचे खड्यांचे डबे आणले होते, कारण माझी कल्पना साऱ्या मंडळीत पसरली होती. खडे आज टाकून द्यायचे ठरलं होतं. सुमनकाकू आपलाही खडा टाकून द्यायला म्हणून आल्या होत्या. पूर्वेला तांबूस झालं, दिघीच्या टेकडीची कड दिसायला लागली.

पाळकसाहेबांनी पप्पांना पुढं बोलावलं. ते म्हणाले, "प्रभू उठला आहे, असं मी म्हणेन. पहिला हालेलूया शांतवनराव म्हणतील. मग आपण सगळे."

पप्पा पुढं जाऊन उभे राहिले. कडक इस्त्रीचा सदरा, बोटांवर नवी गुलाबी कातडी. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे!"

पप्पांनी तोंड उघडलं. आवाज नाही. परत उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली, ओठ हलले, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण शब्द येईना. म्हशींच्या माना वळवणारा माझा बाप! आईनं माझा हात आवळला. मेणबत्त्या विझल्या तरी कुणी लावेना.

तेवढ्यात मागं रस्त्यावर सायकल आदळल्याचा आवाज आला, काकड्यांची पिशवी सांडली, आणि धापा टाकत कुणीतरी, पहिल्या अक्षरावर भलता जोर देऊन, जिवाच्या आकांतानं ओरडलं,

"हाल्लेलूयाऽऽ!"

पप्पांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते चार पावलं मागं सरले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. सूर्य नुकता वर येत होता. मी बोटं मोजली, दहा होती. मग मी माझा डबा उचलला आणि जीव खाऊन वाजवला.